पेनड्राइव्हवरची पारख

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली, पण ती मुदतवाढच. पुढची पायरी विंडोज ११ ची, आणि तिच्या अटी संगणकाच्या वयाशी बांधलेल्या आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूटची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी घेतलेला, आजही नीट चालणारा, मुलांचा अभ्यास आणि घरची बिलं सांभाळणारा संगणक केवळ यादीत बसत नाही म्हणून बाद ठरतो. अशा घरापुढे तीन वाटा उरतात: नवा संगणक घेणं, दुरुस्त्यांशिवाय जुनंच चालवत राहणं, किंवा त्याच यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त स्रोत सिस्टीम आणणं. तिसऱ्या वाटेबद्दल बोलतात पुष्कळ, पण ती स्वतःच्या संगणकावर चालवून पाहणारे फार थोडे. या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे. लिनक्स चांगलं की विंडोज, हा वाद इथे सोडवायचा नाही. तो वाद घरात बसून, एका संध्याकाळी, पुराव्यानिशी सोडवता येतो आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं, एवढंच सांगायचं आहे.

ठाऊक नसण्याचं कारण सरळ आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आपण कधी निवडलेलीच नसते; ती संगणकाबरोबर येते. दुकानात रॅम किती, डिस्क केवढी, स्क्रीन किती इंची याची चौकशी होते, सिस्टीमची होत नाही. हे गृहीत धरणं काहींना पूर्वीही खटकत होतं. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत काही लिनक्स वापरकर्ते कॅलिफोर्नियातल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले आणि संगणकाबरोबर गळ्यात पडलेल्या, कधीच न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागू लागले. पैशांच्या बाबतीत त्या दिवशी फारसं काही हाती लागलं नाही, पण प्रश्न रास्त होता. जी वस्तू न निवडता मिळते ती पारखण्याची सवयच लागत नाही. मग पारखीची जागा मतं घेतात. एकीकडे भक्त, त्यांच्या लेखी लिनक्समध्ये खोट नाही. दुसरीकडे धास्तावलेले, त्यांच्या लेखी ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणाऱ्यांचं काम. दोघांच्याही मतांचा तुमच्या घरातल्या प्रिंटरशी आणि वाय-फायशी काही संबंध नसतो.

पारखायची तर वस्तू आधी विनाअडथळा हाती यायला हवी, आणि ती येते याचं कारण परवान्यात आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांना अशी सिस्टीम हवी होती की जी कुणीही चालवावी, तिचा आतला स्रोत वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावी. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी ती जीएनयूच्याच परवान्याखाली आणली. तो होता लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. त्याभोवती हजारो प्रोग्राम रचून, एकमेकांशी जुळवून, वापरायला तयार असा जो संच देतात त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलताना नुसतं डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ पासूनचं, उबुंटू २००४ पासूनचं, लिनक्स मिंट २००६ पासूनचं. परवाना वाटपाला मोकळीक देतो, म्हणून शेजाऱ्याच्या पेनड्राइव्हवरून घेतलेली प्रतही पूर्ण कायदेशीर असते. आपल्याकडे संगणक-दुरुस्तीवाल्याकडून विंडोजची क्रॅक केलेली प्रत टाकून घेण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याशी याची गल्लत होऊ नये. तिथे प्रतच बेकायदेशीर असते आणि आत आणखी काय घुसवलं आहे हे सांगायला कुणी बांधील नसतं.

इंटरनेट महाग आणि मंद होतं तेव्हा याच मोकळिकीमुळे भारतात लिनक्स पसरलं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर नव्वदच्या दशकात लिनक्सच्या सीडी येत. पुण्या-मुंबईतले लिनक्स यूजर ग्रुप सीडी बर्न करून वाटत आणि शिबिरांत यंत्रांवर बसवून देत. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने तर मागणी नोंदवणाऱ्याच्या घरी टपालाने फुकट सीडी पाठवण्याची योजनाच चालवली. ती २०११ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. पण मिळवण्यापेक्षा पारखण्याच्या इतिहासात मोठी गोष्ट घडली ती २००० साली. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स नावाचं, डेबियनवर आधारलेलं डिस्ट्रो काढलं. ते हार्ड डिस्कवर बसवावं लागतच नव्हतं. सीडी घालायची, संगणक सुरू करायचा. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स ते आपण होऊन ओळखायचं आणि सगळा डेस्कटॉप समोर यायचा. सीडीवरून चालणाऱ्या सिस्टीमचे प्रयत्न आधीही झाले होते, पण इतक्या सहजपणे कुठल्याही अनोळखी यंत्रावर उभं राहणारं असं काही नव्हतं. माझ्या मते घरगुती लिनक्सच्या वाटचालीत हा टप्पा पहिल्या कर्नलइतकाच मोलाचा आहे, कारण त्याने बसवणं आणि बघणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आज जवळजवळ प्रत्येक मोठं डिस्ट्रो असं ‘लाइव्ह’ चालतं. सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली इतकंच.

हे लाइव्ह प्रकरण चालतं कसं हे समजून घेतलं की त्याबद्दलची अर्धी भीती जाते. पेनड्राइव्हवर संपूर्ण सिस्टीम एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. संगणक सुरू होताना ती वाचली जाते, आणि तिच्यावर रॅममध्ये एक रिकामा थर अंथरला जातो. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसं. तुम्ही फाइल बनवता, सेटिंग बदलता, एखादा प्रोग्राम टाकता, ते सगळं त्या वरच्या थरावर लिहिलं जातं. संगणक बंद झाला की रॅम रिकामी होते आणि खुणा पुसल्या जातात. खालची फाइल जशीच्या तशी. तुमच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे विंडोज आणि तुमचे फोटो जिथे आहेत तिथे, तुम्ही मुद्दाम ती उघडून काही बदललं नाही किंवा ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दाबून पुढच्या पायऱ्या ओलांडल्या नाहीत, तर काही लिहिलं जात नाही. याला एक मजेशीर अपवाद आहे. लिनक्स संगणकाच्या अंगभूत घड्याळात जागतिक वेळ धरतं, विंडोज स्थानिक वेळ. लाइव्ह सत्रात इंटरनेट जोडलेलं असलं तर लिनक्स ते घड्याळ आपल्या रीतीने जुळवू शकतं, आणि नंतर विंडोजमध्ये परतलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. भारतात अनेकांना यामुळे आपला संगणक बिघडल्याची शंका आली असेल. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ पुन्हा जुळवली की काम संपतं.

कुठलं डिस्ट्रो निवडावं, यावर रात्री जागवणारे लोक आहेत. त्यांना जागू द्यावं. पहिल्या पारखीसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती यांपैकी कुठलंही चालेल. विंडोजची सवय असलेल्याला मिंटची मांडणी अधिक ओळखीची वाटते. उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ या दोघांनाही २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. देशी पर्याय हवा असेल तर सी-डॅकने विकसित केलेलं, २००७ पासूनचं बॉस लिनक्स आहे. तेही डेबियनवरच उभं आहे. यंत्राच्या ताकदीबाबत मात्र जाहिरातबाजीला भुलू नये. मिंट २ जीबी रॅमवर सुरू होतं, हे खरं. पण चार टॅब उघडलेला आजचा ब्राउझर २ जीबीत मावत नाही, आणि त्याला कुठलीच सिस्टीम जबाबदार नाही. ४ जीबी रॅम ही खरी किमान मर्यादा, ८ असेल तर निर्धास्त. ‘जुना संगणक लिनक्सने पळायला लागतो’ हे वाक्य निम्मं खरं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली तर तो कुठल्याही सिस्टीमने पळतो.

आता मिळवण्याकडे येऊ. इथे एक काळजी अशी आहे की जी बहुतेक मार्गदर्शक एका ओळीत उरकतात आणि वाचक ती ओळ गाळतो. सिस्टीम आयएसओ नावाच्या एका मोठ्या फाइलच्या रूपात मिळते. मिंटची सुमारे ३ जीबी, उबुंटूची सुमारे ६. ती डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून, किंवा तिथे दिलेल्या मिरर सर्व्हरवरून घ्यायची. आयआयटी कानपूरसारख्या भारतीय संस्थाही असे मिरर चालवत आल्या आहेत. पण अधिकृत संकेतस्थळ म्हणजे खात्री, असं धरता येत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात हल्लेखोर शिरले आणि मिंट १७.३ च्या एका आवृत्तीचा दुवा त्यांनी बदलला. त्या दिवशी त्या दुव्यावरून फाइल घेणाऱ्यांना चोरदार ठेवलेली सिस्टीम मिळाली. मिंटच्या चमूने ती गोष्ट लगेच उघड केली आणि संकेतस्थळ काही काळ बंद ठेवलं, पण ज्यांनी फाइल आधीच घेतली होती त्यांना वाचवू शकणारी एकच गोष्ट होती: पडताळणी. प्रत्येक आयएसओसोबत एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ६४ चिन्हांचा एक ठसा प्रसिद्ध केलेला असतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा पार बदलतो. आपल्या फाइलचा ठसा विंडोजमधल्याच सर्टयुटिल या आज्ञेने एखाद्या मिनिटात काढता येतो आणि शेजारी शेजारी ठेवून ताडता येतो. उतरवताना फाइल अर्धवट आली असेल तर तेही इथेच कळतं, आणि ‘लिनक्स सुरूच होत नाही’ या तक्रारींमागे अनेकदा तेवढंच असतं.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल: दुवा बदलणारा चोर ठसाही बदलेल की! बदलू शकतो, म्हणूनच ठशांच्या यादीवर डिस्ट्रोच्या निर्मात्यांची डिजिटल सही असते, आणि ती सही करणारी गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवायची नसते. सही तपासणं नवख्याला थोडं किचकट वाटतं. निदान इतकं करावं: ठसा डाउनलोडच्या पानाऐवजी दुसऱ्या ठिकाणाहून, एखाद्या वेगळ्या मिररवरून मिळवून ताडावा. यापुढचा आक्षेप अधिक खोल आहे. स्रोत सगळ्यांना खुला, तर वाईट हेतूच्या माणसालाही खुला. २०२४ च्या मार्चमध्ये नेमकं असं घडलं. एक्सझी या फाइल दाबण्याच्या साधनात एका सहभागी विकासकाने, दोनेक वर्षं विश्वास कमावून, चोरदार पेरलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, त्याने खोदलं, आणि २९ मार्चला सगळं जगापुढे ठेवलं. या घटनेतून दोन्ही बाजूंचे लोक आपापला निष्कर्ष काढतात. मला त्यातून दिसतं ते असं: खुल्या स्रोतामुळे हल्ला अशक्य होत नाही, पण बाहेरच्या माणसाला संशय आला तर मुळापर्यंत जायला परवानगी मागावी लागत नाही. घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो बाधित भाग चाचणीच्या आणि ताज्या आवृत्त्यांत पोचला होता, दीर्घ आधाराच्या स्थिर आवृत्त्यांत नाही. ‘सगळ्यात नवीन ते सगळ्यात चांगलं’ हा हट्ट सोडण्याचं याहून चांगलं कारण सापडणार नाही.

फाइल पेनड्राइव्हवर लिहिणं सोपं आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रुफस किंवा बलेना एचर यांसारखा छोटा प्रोग्राम ते काम करतो, आणि करताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसतो. नुसती फाइल कॉपी-पेस्ट करून मात्र भागत नाही. मग संगणक बंद करून सुरू करताना एफ१२, एस्केप किंवा एफ९, जे त्या कंपनीचं बटण असेल ते दाबायचं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट आणि उबुंटू सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे त्या सेटिंगला सहसा हात लावावा लागत नाही. तरीही आधी एक पाहून ठेवावं: नव्या लॅपटॉपवर विंडोज अनेकदा डिस्क आपण होऊन कूटबद्ध करून ठेवतं, आणि बूटच्या सेटिंग बदलल्या तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते का, हे काम पडण्याआधी बघितलेलं बरं.

डेस्कटॉप समोर आला की बहुतेक जण वॉलपेपर बदलतात, खेळ शोधतात आणि ‘छान आहे’ म्हणून बंद करतात. ही पारख नव्हे. लाइव्ह सत्राचं खरं काम यंत्र तपासणं हे आहे. वाय-फाय जोडलं जातं का? काही ब्रॉडकॉमच्या चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का? आणि प्रिंटर. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्समध्ये आयता आधार मिळतो. पण भारतात घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर स्वतःच्या बंदिस्त भाषेत बोलतो, आणि तो लिनक्सवर चालवणं ही चिकाटीची परीक्षा आहे. ज्या घराचा कारभार या एका प्रिंटरवर चालतो, त्या घरासाठी लिनक्सचे बाकीचे सगळे गुण दुय्यम ठरू शकतात. हे कुठल्याही लेखातून कळणार नाही; पेनड्राइव्ह लावून छापायची आज्ञा दिल्यावरच कळेल.

मराठीचं काय, हा आपला प्रश्न आणि तो नीट तपासण्यासारखा आहे. वाचण्याच्या बाबतीत काळजी उरलेली नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचं काम हार्फबझ नावाचं मुक्त साधन करतं, आणि तेच अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्येही आहे. तुमच्या फोनवर मराठी जशी दिसते तशीच इथे दिसते. देवनागरीचे लोहित फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले आणि ते बहुतेक डिस्ट्रोंत मिळतात. लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे, तो विंडोजमध्येही असतो तोच. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून उच्चारानुसार लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस या टंकलेखन-साधनातून मिळणाऱ्या पद्धतींत आपल्या ‘गमभन’ची मांडणीसुद्धा आहे. अडचण आहे ती जुन्या लेखनाची. श्री-लिपी, आकृती, कृतीदेव यांत केलेला मजकूर युनिकोड नसतो. त्या फाँटशिवाय तो निरर्थक चिन्हांची रांग दिसतो. छपाईच्या धंद्यात अजून तेच चालतं. पण हे दुखणं लिनक्सचं नाही, त्या एन्कोडिंगचं आहे. तोच मजकूर फोनवर उघडला तरी असाच दिसेल. डीटीपीवाल्याने यासाठी विंडोज ठेवावं, यात कमीपणा नाही. घरी पत्र, निबंध, सोसायटीची नोटीस लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही. लिब्रेऑफिसचे मेनू हवे तर मराठीतही मिळतात.

याच टप्प्यावर जाणकार म्यूनिकचं उदाहरण काढतात, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. म्यूनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. एवढ्या मोठ्या संस्थेला जमलं नाही तर घरात कसं जमणार? प्रतिप्रश्न असा: फ्रान्सच्या जांदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाला ते कसं जमलं? त्यांनी २००८ पासून उबुंटूवर आधारलेली सिस्टीम आणायला सुरुवात केली आणि ती ७०,००० हून जास्त संगणकांवर गेली. म्यूनिकच्या माघारीमागे राजकारण होतं, पालिकेच्या विस्कळीत आयटी विभागांचं दुखणं होतं, बाहेरच्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण होती. एकच कारण दाखवणं अन्यायाचं होईल. पण फ्रेंच दलाचा क्रम पाहण्यासारखा आहे. २००५ मध्ये त्यांनी विंडोजवरच ऑफिसचा संच बदलून ओपनऑफिस आणलं. मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आले. माणसांचे हात नव्या प्रोग्रामवर बसले, मगच खालची सिस्टीम बदलली. तोवर रोजच्या कामात बदलण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. घरासाठी यातून सरळ सल्ला निघतो. पेनड्राइव्हला हात लावण्याआधी महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरावं. तिथेच अडलं तर पुढे जाऊ नये. भारतातला दाखला हवा असेल तर केरळकडे पाहावं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं मुक्त सिस्टीमवरच संगणक शिकतात. त्यांना लिनक्स अवघड वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी पहिली ओळख तीच आहे.

तरी काही दारं बंदच आहेत आणि ती मोजून सांगितली पाहिजेत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. फोटोशॉप आणि ऑटोकॅड नाही. स्टीम या खेळांच्या दुकानातले अनेक खेळ आता प्रोटॉन या जुळवणी-साधनामुळे चालतात, पण व्हॅलोरंटसारखे, ज्यांचं फसवणूक-विरोधी साधन विंडोजच्या गाभ्यात शिरतं, ते चालत नाहीत. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्याने त्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का हे आधी पाहावं. वाइन नावाच्या थरातून काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण पोटापाण्याचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नये. ‘अडलं तर विचारायचं कुणाला?’ या प्रश्नाला मात्र आता उत्तर आहे: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह भारतीय भाषांत विनामूल्य ठेवले आहेत. गल्लीतला दुरुस्तीवाला लिनक्सला हात लावायला कचरतो ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्याने सुटणारी नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी. एका संध्याकाळचं लाइव्ह सत्र सहा महिन्यांच्या सहवासाबद्दल काय सांगणार? अद्ययावत करताना काय मोडेल, सवय कुठे अडखळेल, हे त्यात दिसत नाही. शिवाय पेनड्राइव्हवरून सगळं मंद चालतं, त्यामुळे वेगाबद्दलचं मतही चुकतं. आक्षेप मान्य. म्हणूनच पारख दोन तऱ्हांनी करावी, कारण दोन्हींतून वेगवेगळी गोष्ट कळते. लाइव्ह पेनड्राइव्ह यंत्राची परीक्षा घेतो. विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसवलेलं लिनक्स सवयीची परीक्षा घेतं: तिथे यंत्र कृत्रिम असतं, प्रिंटर-कॅमेऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही, पण बदल टिकतात, अद्ययावत करता येतं, महिनाभर रोज तासभर काम करता येतं. दोन्हींत लिनक्स पास झालं तर मगच ते डिस्कवर बसवायचा विचार करावा. तेव्हाही एकाच डिस्कचे तुकडे करून विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदवण्याची घाई नको. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विंडोजच्या एका अद्ययावतीनंतर अशा काही दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होणंच बंद झालं होतं. जमल्यास वेगळ्या एसएसडीवर बसवावं. दोघांचं घर वेगळं राहतं.

या सगळ्या परीक्षांचा निकाल ‘नको’ असाही येऊ शकतो, आणि तो तितकाच उपयोगी असतो. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं आणि बिलं एलबीपी २९०० वर छापली जातात, त्याने विंडोजवरच राहावं आणि नव्या यंत्रासाठी तरतूद करावी. ज्याच्या घरातल्या संगणकावर ब्राउझर, मेल, व्हिडिओ, मराठीतलं थोडं लेखन आणि मुलांचा गृहपाठ एवढंच चालतं, त्याला मात्र यादीतून बाद ठरलेलं यंत्र भंगारात घालण्यापूर्वी ही संध्याकाळ खर्चायलाच हवी. सुरुवात फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन करा, कारण ती सिस्टीम कुठलीही ठेवली तरी लागणारच आहे. मग आयएसओ उतरवा, ठसा ताडा, पेनड्राइव्ह लावा. आणि पहिल्याच सत्रात घरातला प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी टंकलेखन या तीन गोष्टी तपासा.